ब्रिटनमध्ये घराला टीव्ही लायसन्स नेमके कधी लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून गेल्या वर्षी रेडिंगला राहायला आलेल्या एका दांपत्याने दिवाळीच्या सुमारास मोठा टीव्ही घेतला. छतावरच्या अँटेनाची वायर त्याला कधी जोडलेलीच नाही, त्यावर नेटफ्लिक्स आणि यूट्यूब एवढेच चालते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले वडील फोनवर मराठी बातम्या पाहतात, धाकटी मुलगी टॅबवर कार्टून पाहते, थोरला मुलगा सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या वसतिगृहात जाणार आहे आणि वरची एक खोली नोकरी करणाऱ्या एका तरुणाला भाड्याने दिलेली आहे. या पत्त्यावर, कोणाचेही नाव नसलेले, केवळ ‘कायदेशीर रहिवासी’ यांना उद्देशून लिहिलेले टीव्ही लायसन्सबद्दलचे तिसरे पत्र आले असून त्यात तपासणीसाठी माणूस घरी येऊ शकतो असे म्हटले आहे. लायसन्स (टीव्ही पाहण्याचा वार्षिक परवाना, ज्याच्या शुल्कातून प्रामुख्याने बीबीसी चालते) काढावे की नाही, आणि न काढल्यास काय होईल, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

पश्चिम लंडनमधल्या एका सल्ला केंद्रात मी बरीच वर्षे अशी पत्रे वाचून दाखवण्याचे आणि त्यांना उत्तरे लिहून देण्याचे काम करतो. माझ्यासमोर येणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी निम्म्यांना वाटते की टीव्ही विकत घेतला म्हणजे लायसन्स आलेच; उरलेल्या निम्म्यांना वाटते की केबल किंवा डिश नाही, म्हणजे ते लागतच नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींचे मूळ एकच आहे. आपल्याकडे एके काळी रेडिओचे आणि पुढे टीव्हीचे लायसन्स पोस्टात जाऊन काढावे लागे. त्याची छोटी पुस्तिका असे आणि ते लायसन्स घरात असलेल्या यंत्राचे असे. आपल्या आजोबांच्या ट्रंकेत अशी पुस्तिका पाहिलेल्या माणसाच्या मनात ‘यंत्र तेथे लायसन्स’ हे समीकरण पक्के बसलेले असते. ब्रिटनमध्ये आज यंत्रापेक्षा त्यावर काय पाहिले जाते आणि कधी पाहिले जाते, याला महत्त्व आहे.

कायदा २००३ चा आहे. त्या कम्युनिकेशन्स अॅक्टच्या ३६३व्या कलमानुसार लायसन्सशिवाय टीव्ही ग्राहक यंत्र बसवणे किंवा वापरणे हा गुन्हा आहे, आणि ‘ग्राहक यंत्र’ या शब्दात टीव्हीचा संच, संगणक, टॅब, फोन, गेमिंगचा कन्सोल असे कोणतेही साधन येते, मात्र ते कार्यक्रम प्रसारित होत असतानाच, किंवा जवळजवळ त्याच वेळी, तो पाहण्यासाठी वापरले जात असले पाहिजे. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की कोणत्याही वाहिनीचा कार्यक्रम थेट पाहिला किंवा तो चालू असताना रेकॉर्ड केला तर लायसन्स लागते, मग ती वाहिनी बीबीसीची असो, स्कायची असो की मुंबईहून प्रक्षेपण करणारी असो. दुसरी गोष्ट १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाली. बीबीसीच्या आयप्लेयर या ऑनलाइन सेवेवरचा कार्यक्रम थेट पाहिला, नंतर पाहिला किंवा डाऊनलोड करून ठेवला, तरी लायसन्स लागते. आयप्लेयरच्या बाबतीत वेळेचा प्रश्नच उरत नाही.

या दोन गोष्टींपैकी एकही घरात घडत नसेल, तर भिंतीवर ६५ इंची टीव्ही टांगलेला असला तरी लायसन्सचे पैसे भरावे लागत नाहीत. नेटफ्लिक्सवरची मालिका, प्राइम व्हिडिओवरचा चित्रपट, यूट्यूबवर कोणीतरी चढवून ठेवलेले नाटक, डीव्हीडी, व्हिडिओ गेम, इतर वाहिन्यांच्या अॅपवर दुसऱ्या दिवशी पाहिलेला भाग हे सारे लायसन्सविना चालते. रेडिओलाही काही लागत नाही. त्याचे वेगळे लायसन्स १९७१ मध्येच रद्द झाले, त्यामुळे कसोटी सामन्याचे बीबीसीवरचे धावते वर्णन तुम्ही पाचही दिवस निर्धास्तपणे ऐकू शकता. तोच सामना स्कायच्या वाहिनीवर चालू असताना पाहिला की मात्र लायसन्स लागले.

गफलत होते ती ‘थेट’ या शब्दापाशी. बहुतेकांच्या डोक्यात थेट म्हणजे क्रिकेटचा सामना किंवा निवडणुकीचा निकाल. कायद्याच्या दृष्टीने मात्र वाहिनीवर ठरलेल्या वेळी जे लागते ते थेट, मग तो तीस वर्षांपूर्वी चित्रित झालेला चित्रपट का असेना. रात्री नऊला लागणारी मालिका नऊला पाहिली तर ते थेट पाहणे. तीच मालिका तासाभराने पुन्हा दाखवणाऱ्या ‘प्लस वन’ वाहिनीवर दहाला पाहिली, तरी तेही थेट पाहणेच झाले, कारण ती वाहिनीसुद्धा त्या क्षणी प्रक्षेपण करीत असते. चालू कार्यक्रम दोन मिनिटे थांबवून चहा घेऊन आलात आणि मग पुढे पाहिलात, तरी उत्तर बदलत नाही. नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ यांच्यावरही आता काही सामने थेट दाखवतात. ‘आमच्याकडे फक्त नेटफ्लिक्स आहे’ हे वाक्य काही वर्षांपूर्वी पुरेसे होते, आता त्यापुढे ‘आणि त्यावर आम्ही थेट काही पाहत नाही’ असे जोडावे लागते.

आता प्रश्नातल्या घराकडे येऊ. दिवाणखान्यातल्या मोठ्या टीव्हीने कोणतीही अडचण केलेली नाही. अडचण वडिलांच्या फोनने केली आहे. मराठी वृत्तवाहिन्यांचे यूट्यूबवर चोवीस तास थेट प्रक्षेपण चालते, आणि सकाळी उठल्याबरोबर चहाचा कप व फोन घेऊन खिडकीपाशी बसणारे आजोबा बहुधा तेच पाहत असतात. यूट्यूब हा केवळ रस्ता आहे. त्या रस्त्याने वाहिनीचे चालू प्रक्षेपण घरात येत असेल तर ते टीव्ही पाहणेच आहे, आणि वाहिनी परदेशी आहे किंवा बीबीसीचा तिच्याशी संबंध नाही या सबबी चालत नाहीत. त्याच वाहिनीने सकाळच्या बातम्यांची दहा मिनिटांची चित्रफीत दुपारी वेगळी टाकली आणि आजोबांनी ती पाहिली, तर लायसन्स लागत नाही. म्हणजे आजोबांनी बातम्या पाहण्याची पद्धत बदलली तर प्रश्न सुटतो, पण पंचाहत्तरीतल्या माणसाला ‘लाल अक्षरांत लाइव्ह लिहिले असेल तिथे बोट लावायचे नाही’ हे शिकवून पाहा. मी दोन-तीन घरांत शिकवून पाहिले आहे. निवडणुकीच्या मतमोजणीचा दिवस आला की सगळी शिस्त संपते.

पुण्यातल्या भाचीचे लग्न झूमवर पाहणे किंवा घरच्या गणपतीची आरती व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलवर करणे याला टीव्ही कार्यक्रम म्हणत नाहीत. ते थेट असले तरी कोणतीही वाहिनी ते प्रसारित करीत नसते. विसर्जनाची मिरवणूक वृत्तवाहिनीच्या प्रक्षेपणात पाहिली, तर मात्र लायसन्स लागते.

मुलीच्या टॅबबद्दल प्रश्नात ‘कार्टून पाहते’ एवढेच लिहिले आहे, आणि अनुभवाने सांगतो की याच ठिकाणी पालकांचे लक्ष सर्वांत कमी असते. सीबीबीज या बीबीसीच्या लहान मुलांसाठीच्या वाहिनीचे कार्यक्रम या देशातल्या प्रत्येक लहान मुलाला ठाऊक असतात, शाळेतल्या मैत्रिणी त्यांच्यावरच बोलतात, आणि ते पाहण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे आयप्लेयर. ते अॅप ‘तुमच्याकडे टीव्ही लायसन्स आहे का?’ असा प्रश्न विचारते, आणि घाईत असलेली आई ‘आहे’ या बटणावर बोट ठेवून स्वयंपाकाला लागते. ते बटण लायसन्स देत नाही, तपासतही नाही. तेव्हा टॅबवर आयप्लेयर आहे का, हे आज रात्रीच पाहून घ्यावे.

एक लायसन्स एका पत्त्याला पुरते. त्या पत्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाकडे तीन टीव्ही, चार फोन आणि दोन टॅब असले तरी दुसरे लायसन्स लागत नाही. भाडेकरूचा प्रश्न यातूनच येतो. संपूर्ण घर चार जणांनी मिळून एकाच करारावर घेतले असेल तर चौघांना मिळून एक लायसन्स साधारणपणे पुरते. खोलीखोलीचे करार वेगळे असतील तर आपापल्या खोलीत थेट टीव्ही पाहणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे लागते. सामाईक दिवाणखान्यातल्या टीव्हीला एकच पुरते. घरमालकाचा नातेवाईक किंवा घरात राहून मुले सांभाळणारी बाई यांना मालकाचे लायसन्स पुरते. तुमचा भाडेकरू नात्यातला नाही आणि खोलीचा वेगळा करार आहे, तेव्हा त्याच्या खोलीतल्या लॅपटॉपवरच्या फुटबॉलची जबाबदारी त्याची. तुम्ही लायसन्स काढले तरी त्याची सुटका होत नाही, आणि तो वरच्या खोलीत थेट सामने पाहतो म्हणून तुमच्या कुटुंबाला लायसन्स काढावे लागते असेही नाही.

मुलाची गोष्ट थोडी मजेशीर आहे. वसतिगृहातली खोली हा वेगळा पत्ता धरला जातो, त्यामुळे तिथे थेट टीव्ही किंवा आयप्लेयर पाहायचे तर तत्त्वतः त्याचे स्वतःचे लायसन्स हवे. नियमात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली आहे. आईवडिलांच्या घरी लायसन्स असेल, सत्र नसताना तो त्याच घरी राहत असेल, आणि तो पाहत असलेले साधन केवळ स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल, अँटेनाला किंवा विजेच्या प्लगला जोडलेले नसेल, तर घरचे लायसन्स त्याला पुरते. याचा शब्दशः अर्थ असा, की रेडिंगच्या लायसन्सवर मँचेस्टरच्या खोलीत सामना पाहणाऱ्या मुलाच्या फोनची बॅटरी शेवटच्या दोन षटकांत संपत आली आणि त्याने चार्जर लावला, की त्या क्षणापासून तो नियमाबाहेर गेला. मी हे सांगतो तेव्हा विद्यार्थी हसतात, परंतु नियम तसाच लिहिलेला आहे. सामन्याआधी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, एवढाच माझा सल्ला असतो.

सवलतीबद्दल न विचारताही सांगतो, कारण वडिलांचे वय पंचाहत्तरच्या घरात दिसते आणि ‘पंचाहत्तरीनंतर फुकट’ हे वाक्य मंडळांच्या गप्पांत अजून फिरते. १ ऑगस्ट २०२० पर्यंत ते खरे होते. त्यानंतर ७५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतःला, किंवा त्याच पत्त्यावर राहणाऱ्या तिच्या जोडीदाराला, पेन्शन क्रेडिट नावाचा भत्ता मिळत असेल तरच लायसन्स विनामूल्य मिळते, आणि ते त्या व्यक्तीच्या नावावर असावे लागते. भेटीच्या व्हिसावर आलेल्या पालकांना तो भत्ता मिळू शकत नाही, त्यामुळे त्यांच्या वयाचा इथे उपयोग नाही. अनेक दशकांपूर्वी इथे आलेल्या, आयुष्यभर कर भरलेल्या आपल्या मंडळींपैकी काहींना मात्र पेन्शन क्रेडिट मिळू शकत असूनही ‘सरकारकडे हात कशाला पसरायचा’ म्हणून ते अर्जच करत नाहीत, आणि भत्त्याबरोबर लायसन्सही गमावतात. ज्यांची दृष्टी अतिशय क्षीण असल्याचे प्रमाणपत्र आहे त्यांना शुल्कात निम्मी सूट आहे. तिथेही लायसन्स त्यांच्या नावावर हवे, घर चालवणाऱ्या मुलाच्या नावावर असून चालत नाही.

आता पत्राकडे. ‘टीव्ही लायसन्सिंग’ हे नाव बीबीसीने नेमलेल्या कंपन्या वसुलीच्या कामासाठी वापरतात; ते पोलीस खाते नाही आणि न्यायालयही नाही. लायसन्स नसलेल्या पत्त्यांची यादी काढून तिथे पत्रे पाठवली जातात. पत्रात नाव नसते, कारण त्यांच्याजवळ फक्त पत्ता असतो. प्रत्येक पत्राची भाषा आधीच्या पत्रापेक्षा चढी असते, अक्षरे तांबडी होत जातात, न्यायालयात काय घडते याचे वर्णन येते. इथे नव्याने आलेल्या माणसाला ते समन्स वाटते. ते समन्स नाही. लायसन्स लागत नसेल तर तसे त्यांच्या संकेतस्थळावर कळवता येते आणि मग साधारण दोन वर्षे पत्रे थांबतात. असे कळवणे कायद्याने बंधनकारक नाही, पण घरात घाबरणारे कोणी असेल तर कळवून टाकावे असे मी सुचवतो. खोटे मात्र कळवू नये. आजोबांच्या फोनवर थेट बातम्या चालू असताना ‘आमच्याकडे कोणी थेट काही पाहत नाही’ असे लिहून देणे, हे लायसन्स नसण्यापेक्षा अधिक अडचणीचे ठरू शकते.

तपासणीला येणाऱ्या माणसाला तुमच्या परवानगीशिवाय घरात शिरता येत नाही. परवानगी नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्याला आत यायचेच असेल तर न्यायाधीशाकडून झडतीचे वॉरंट आणावे लागते, आणि ते क्वचितच आणले जाते. खरी अडचण दारातल्या संभाषणात होते. तो माणूस नम्रपणे प्रश्न विचारतो, आधी ताकीद वाचून दाखवतो, उत्तरे एका फॉर्मवर लिहून घेतो आणि शेवटी सही मागतो. ती सही म्हणजे तुमचा जबाब असतो आणि खटला प्रामुख्याने त्याच्यावर उभा राहतो. गल्लीतून हिंडून टीव्ही हुडकणाऱ्या गाड्यांच्या कथा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, पण माझ्या टेबलावर आलेल्या प्रकरणांत पुरावा होता तो दारात केलेल्या सहीचा. दुपारी अकरा-बाराला दार कोण उघडते याचा विचार केला, तर या गुन्ह्यात शिक्षा होणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या आसपास का राहिले आहे, हे समजायला वेळ लागत नाही. बीबीसीनेही या विषमतेचा आढावा घेऊन २०२३ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. एका गृहिणीने ‘मुलं कधीकधी बघतात हो’ एवढेच मोकळेपणाने सांगितले होते, आणि दंडाची नोटीस तिच्या नावाने आली, कारण लायसन्स पत्त्याचे असले तरी खटला माणसावर होतो. यंत्र वापरणारा तर जबाबदार असतोच, पण दुसरा वापरणार हे ठाऊक असूनही ज्याने यंत्र आपल्या ताब्यात ठेवले, त्यालाही कायदा जबाबदार धरतो.

दंड जास्तीत जास्त १,००० पौंड, आणि वर न्यायालयाचा खर्च. लायसन्स नसल्याबद्दल तुरुंगवास होत नाही. न्यायालयाने ठोठावलेला दंड जाणूनबुजून भरला नाही तर मात्र प्रकरण तिथवर जाऊ शकते. व्हिसावर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कायम वास्तव्यासाठी अर्ज करताना गुन्हेगारी शिक्षांची माहिती विचारली जाते, तेव्हा न्यायालयाकडून आलेला कोणताही कागद टपालाच्या ढिगाऱ्यात ठेवू नये आणि इमिग्रेशनच्या सल्लागाराला तो अवश्य दाखवावा. सल्ला केंद्रात मी वसुलीची पत्रे आणि न्यायालयाची पत्रे दोन वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो; घरीही तेच करावे. ईमेलने येणाऱ्या ‘तुमचे लायसन्स संपले, येथे दाबून पैसे भरा’ या संदेशांपैकी पुष्कळसे फसवणुकीचे असतात, तेव्हा त्यातली लिंक न उघडता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून पाहावे.

शुल्क १ एप्रिल २०२५ ला वर्षाला १७४.५० पौंड झाले. २०२४ पासून ते महागाईच्या दराला जोडलेले असल्याने दर एप्रिलमध्ये बदलू शकते, म्हणून चालू आकडा तपासून घ्यावा. काळ्या-पांढऱ्या टीव्हीसाठीचे स्वस्त लायसन्स अजून अस्तित्वात आहे, पण रंगीत पडद्याचा फोन घरात असताना ते काढण्याची हुशारी कोणी करू नये. दरमहा बँकेतून पैसे कापून घेण्याची सोय आहे, परंतु पहिल्या वर्षी सगळेच चमकतात, कारण पहिले लायसन्स सहा महिन्यांत फेडून घेतले जाते. म्हणजे २०२५ च्या दराने सुरुवातीला महिन्याला सुमारे २९ पौंड जात आणि सातव्या महिन्यापासून पुढच्या वर्षाचे सुमारे १४.५० पौंडांचे हप्ते सुरू होत. तिमाही हप्त्याला थोडा अधिभार पडतो, म्हणून जमत असेल तर एकदम भरावे.

जर्मनीत किंवा आयर्लंडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांचे ऐकून इथे निर्णय घेऊ नका. जर्मनीत २०१३ पासून घरामागे शुल्क आहे, टीव्ही असो वा नसो. आयर्लंडमध्ये वर्षाला १६० युरो आहेत आणि तिथे टीव्हीचा संच घरात असणे एवढेच पुरते, तो बंद ठेवला असला तरी. म्युनिकचा मेहुणा आणि डब्लिनची मावशी आपापल्या जागी बरोबर असतात, पण रेडिंगला त्यांचा नियम लागू नसतो.

तेव्हा तुमच्या घरापुरते माझे मत असे. वडील थेट बातम्या सोडणार नसतील, किंवा मुलीसाठी आयप्लेयर हवेच असेल, तर लायसन्स काढा आणि ते तुमच्यापैकी एकाच्या नावावर घ्या. ते महिन्याच्या पहिल्या दिवसापासून धरले जाते, त्यामुळे २८ तारखेला काढलेत तर जवळजवळ एक महिना वाया जातो. पुढच्या १ तारखेला काढायचे ठरवलेत तर तोवर घरात कोणीही थेट काही पाहता कामा नये. वडील परत गेल्यावर आणि आयप्लेयर बंद केल्यावर लायसन्सचा किमान एक पूर्ण महिना शिल्लक असेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागता येतात. तसा अर्ज करण्याआधी मुलगा घरच्या लायसन्सवर वसतिगृहात काही पाहत आहे का, हे विचारून घ्या, कारण ते रद्द झाले की बॅटरीवर चालणाऱ्या त्याच्या फोनचे संरक्षणही त्याच दिवशी संपते.